सहावी सूना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर आपल्या एका ताईंनी ग्रुपवर प्रश्न टाकला होता. त्यांची मुलगी एम.एस्सी. झाली आहे. वापीकडच्या एका प्रयोगशाळेत तिला नोकरी लागते आहे. काम असं की एखादं रसायन कातडीला लागलं तर त्याचं वावडं होतं का, पुरळ उठतं का, हे आधी जनावरांवर तपासायचं. कधी गिनीपिग, कधी उंदीर. आजीनं हे ऐकलं आणि पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. माळकऱ्याच्या घरातली पोर हे करणार का, म्हणाल्या. नात म्हणाली, आजी, तू केसांना लावतेस ती डबी मग कुठून आली? आता घरात अबोला आहे. ताईंनी विचारलं होतं की आपल्या मार्गात याला काय उत्तर आहे.

पुढे काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच. कुणी लिहिलं ही हत्या आहे, कुणी लिहिलं मग दवाखान्यात जाऊ नका, कुणी रक्तबंबाळ सशाचा फोटो टाकून खाली दहा जणांना पाठवा असं लिहिलं. शेवटी ताईंनी प्रश्नच काढून टाकला. केंद्रातून मला सांगण्यात आलं की या वेळचं चिंतन याच विषयावर लिहा.

प्रश्न चांगला आहे. असा प्रश्न घरात उठतो याचा अर्थ त्या घरात माळ नुसती गळ्यात नाही. पण पाप की पुण्य हे ठरवण्याआधी तिथे नेमकं काय करतात आणि कशासाठी करतात ते समजून घेऊ. न बघता निवाडा देणं हीसुद्धा हिंसाच आहे, आणि ती आपण सगळेच मोबाईलवर रोज करतो.

तर वावडं म्हणजे काय? गावाकडच्या माणसाला बिब्बा सांगावा लागत नाही. आतली गोडंबी आपण लाडवात घालतो, पण वरच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की उततं. एकाला उततं, शेजारच्याला काहीच होत नाही. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरायचे. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे आलेल्या परदेशी सैनिकांना मानेवर, कमरेला पुरळ यायला लागलं. डॉक्टर चक्रावले. शेवटी कारण सापडलं ते धोब्याच्या खुणेत. तसंच गाजर गवत. पुण्याकडे १९५० च्या दशकात ते दिसलं आणि पुढे कितीतरी शेतमजुरांच्या चेहऱ्याची, हातांची कातडी जाड, काळी, खाजरी करून गेलं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या वेळी बहुधा काहीच दिसत नाही. रसायनाचा कण फार बारीक असतो, शरीराला तो एकटा ओळखू येत नाही. तो कातडीतल्या प्रथिनाला चिकटतो. मग कातडीतल्या राखणदार पेशी त्याला उचलून जवळच्या गाठीत नेतात. काखेत, जांघेत अवधाण येतं ना, त्याच त्या गाठी. तिथे त्याची ओळख पक्की होते. याला दहा-पंधरा दिवस लागतात आणि वरून कातडी अगदी स्वच्छ दिसत असते. पुन्हा तोच पदार्थ लागला की एक-दोन दिवसांत लाली, खाज, फोड. ही ओळख एकदा झाली की सहसा जन्मभर जात नाही. आपण मनाच्या संस्कारांबद्दल बोलतो, कातडीलाही संस्कार असतात म्हणायचे.

म्हणूनच ही तपासणी एका दिवसात होत नाही. पहिला स्पर्श द्यायचा, थांबायचं, मग दुसरा स्पर्श द्यायचा. मॅग्नुसन आणि क्लिगमन या दोघांनी १९६९ साली बसवलेली पद्धत अशी: गिनीपिगच्या खांद्याजवळचे केस काढायचे, तिथे कातडीत सुया द्यायच्या. काही सुयांत ते रसायन, काहींत शरीराला चेतवणारं औषध, म्हणजे वावडं व्हायचंच असेल तर लपून राहू नये. ती जागा सुजते, कधी जखम होते. साधारण आठवड्यानं त्याच जागी रसायनाची पट्टी ४८ तास बांधायची. मग दोन आठवडे विश्रांती. विसाव्या-बाविसाव्या दिवशी कुशीवर, नव्या जागी, २४ तासांची पट्टी. काढल्यानंतर एका दिवसानं आणि दोन दिवसांनी बघायचं की लाली आली का, किती आली. त्याला शून्य ते तीन असे गुण देतात. निदान दहा जनावरांना रसायन आणि पाचांना नुसती तुलना म्हणून. शंभरात तीस किंवा जास्त जनावरांना लाली आली तर ते रसायन वावडं आणणारं ठरतं. शंका उरली तर आणखी जनावरं. आणि दर सहा महिन्यांनी एखादा ठाऊक असलेला पदार्थ लावून बघायचा, प्रयोगशाळेचा हात बरोबर चालतोय ना हे कळायला. त्यालाही जनावरं लागतातच.

गिनीपिग म्हणजे डुक्कर नाही बरं का. दक्षिण अमेरिकेतला, मुठीपेक्षा थोडा मोठा, गवत खाणारा अगदी गरीब जीव. चावायलाही फारसा धजत नाही.

पुढे उंदरांवरची पद्धत आली, ती २००२ साली आंतरराष्ट्रीय नियमांत घेतली गेली. त्यात पुरळ उठेपर्यंत थांबत नाहीत. तीन दिवस कानावर रसायन लावतात आणि सहाव्या दिवशी गाठीतल्या पेशी किती वाढल्या ते मोजतात. पहिल्या स्पर्शावरच काम भागतं, खाज-फोडांचा भोग टळतो. पण गाठ काढायची म्हणजे उंदीर मारावा लागतो.

वाचून पोटात कालवलं असेल. कालवू दे. आता हे कशासाठी, ते आपल्या सुरतेतच बघू.

पांडेसरा, सचिन, कडोदरा, पलसाणा. आपल्या ग्रुपातल्या किती घरांतली माणसं डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये आहेत, हात वर करायला सांगितलं तर अर्धं सभागृह वर करेल. खानदेशातून आलेल्या आपल्या लोकांनी उधना, लिंबायत, दिंडोली याच कामावर वसवली. सुरतेची साडी पॉलिएस्टरची, तिला लागतात डिस्पर्स जातीचे रंग. हे रंग पाण्यात नीट विरघळत नाहीत. उष्णतेनं ते धाग्याच्या आत शिरून बसतात, पण धाग्याशी त्यांची गाठ बांधलेली नसते. वर राहिलेला रंग घामानं, घासण्यानं सुटतो आणि कातडीला लागतो. काखेत, मानेला, कमरेला, जिथे कपडा घट्ट बसतो तिथे. यातले डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ हे दोन निळे रंग वावड्यासाठी जगभर बदनाम आहेत. हे कळलं कसं? रुग्णांच्या पाठीवर पट्ट्या लावून, आणि गिनीपिगच्या कुशीवर पट्ट्या लावून.

नेसणाऱ्या बाईला घामातून थोडा रंग लागतो. कलर किचनमध्ये पूड मोजणाऱ्या, घोळ करणाऱ्या पोराला तो रोज बारा तास लागतो. मे महिन्यात तिथे हातमोजे घालून उभं राहून बघा, आतून पाणी गळतं. तो काढून ठेवतो. हाताला चिरा पडतात, रात्री खाजवून खाजवून झोप नाही. सुट्टी घेऊन गावी गेला की बरा होतो, परत आला की आठ दिवसांत पुन्हा तेच. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की डब्यातली कुठली पूड त्याला नडते. डब्यावर ते लिहिलेलं असावं यासाठीच ती तपासणी असते.

आणि तपासणीच झाली नाही तर? तर तपासणी होतेच. फक्त जनावर बदलतं. मग तो पोरगाच गिनीपिग.

इथे सुरतेचीच एक जुनी हकिगत सांगते. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज पाद्री सुरतेला आला होता. इथले लोक म्हाताऱ्या गाई-घोड्यांसाठी दवाखाना चालवतात हे पाहून तो थक्क झाला. आपलं पांजरापोळ हो, ही दया या शहराला नवी नाही. पण तो पुढे लिहितो की ढेकूण-पिसवांसाठीही इथे वेगळी सोय होती, आणि त्यांना रक्त मिळावं म्हणून अधूनमधून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन त्या खाटेवर रात्रभर निजवत. चावे सहन न होऊन तो पहाटेआधी पळू नये म्हणून बांधूनही ठेवत. परदेशी माणसानं थोडं तिखटमीठ लावलंही असेल. पण खाटेवरच्या त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. ढेकणावर दया झाली, पुण्य शेठच्या खात्यात जमा झालं, आणि कातडी गरिबाची गेली.

अमेरिकेतही वेगळं घडलं नाही. वर ज्या क्लिगमन यांचं नाव आलं, त्यांनी वावड्याचे प्रयोग आधी माणसांवरच केले होते, फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर. थोडे पैसे मिळतात म्हणून कैदी पाठ पुढे करायचे. हे १९७० च्या दशकात बंद झालं. ढेकणांच्या खाटेवरचा माणूस, तुरुंगातला कैदी, पिंजऱ्यातला गिनीपिग, कलर किचनमधला पोरगा. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याचीच कातडी दर वेळी पुढे येते.

मग धर्म काय सांगतो?

आपल्या स्मृतिग्रंथांत एक शब्द आहे, पंचसूना. (सासूबाईंनो, पाच सुना नव्हेत. दीर्घ ऊ आहे.) सूना म्हणजे जिथे जीव मारला जातो ती जागा. आणि गृहस्थाच्या घरात अशा पाच जागा सांगितल्या आहेत: चूल, जातं किंवा पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. किती विलक्षण विचार आहे बघा. चूल पेटवली की सरपणातला किडा जळतो, झाडलं की मुंगी चिरडते, घड्याखाली बारीक जीव मरतो. ज्या घरात कांदासुद्धा चढत नाही त्या घरातही पाच कत्तलखाने आहेत, असं शास्त्र तोंडावर सांगतं. घर सोडून पळून जा असं मात्र सांगत नाही. हे देणं आहे, ते रोज फेडा, असं सांगतं. त्यासाठी पाच यज्ञ. त्यातला एक भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा. महाराजांनी आपल्याला जेवणाआधी घास बाजूला काढायला लावला तो याचसाठी. गाईला, कावळ्याला, कुत्र्याला घालतो तो घास म्हणजे उपकार नव्हे, ती परतफेड आहे.

आजच्या घरात जातं गेलं, उखळ गेलं. पण सहावी सूना आली आहे आणि तिची कुठल्याच यादीत नोंद नाही. ती न्हाणीघरातल्या फळीवर आहे, कपाटात आहे, फवारणीच्या डब्यात आहे. पाच सूनांत एक गोष्ट बरी होती. मुंगी आपल्या डोळ्यांसमोर मरायची, म्हणून हात जरा थबकायचा. सहाव्या सूनेत मरण वापीला होतं, नाहीतर आणखी कुठल्या देशात, बंद दाराआड. आपल्यापर्यंत येते ती फक्त सुगंधी बाटली. तिथे हात थबकणार कसा?

आता कौशिकाची गोष्ट. महाभारतात वनपर्वात आहे, आपण सत्संगात ऐकलेली आहे, पण या प्रश्नासाठी पुन्हा बघू.

कौशिक तपस्वी ब्राह्मण. झाडाखाली वेद म्हणत बसला होता, वरून बगळीची विष्ठा अंगावर पडली. त्यानं रागानं वर पाहिलं आणि ती बगळी मरून खाली पडली. त्याला वाईट वाटलं. पुढे भिक्षेला एका घरी गेला. त्या बाईनं थांबा म्हटलं, तेवढ्यात नवरा भुकेला घरी आला, ती त्याच्या पानाकडे गेली. कौशिकाला उशीर झाला, तो तापला. बाई शांतपणे म्हणाली, मी काही ती बगळी नाही. जंगलात घडलेली गोष्ट या चूलवालीला कळली कशी? कौशिक तिथेच विरघळला. मला हा प्रसंग फार आवडतो. पोथ्यांचा ढीग वाचलेल्याला एका संसारी बाईनं सरळ केलं, तेही वाढता वाढता. तिनं त्याला सांगितलं की धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला धर्मव्याधाकडे जा.

तो मिथिलेला गेला. आश्रम शोधतोय, तर लोकांनी बोट दाखवलं कुठे? खाटकाच्या दुकानाकडे. आणि महाभारतात त्या जागेला शब्द वापरलाय तोच, सूना. हरणाचं, म्हशीचं मांस मांडून हा बसलेला. कौशिक म्हणाला, हे काम तुला शोभत नाही. व्याधानं त्यावर जे सांगितलं त्याचा सारांश असा: मी स्वतः मारत नाही आणि खातही नाही. दुसऱ्यांनी मारलेलं विकतो, हे वडिलोपार्जित काम आहे. ते घोर आहे हे मी जाणतो. पण तू नांगराकडे बघ. जमिनीतले किती जीव त्याच्याखाली जातात! चालताना पायाखाली किती जातात! कुणीही मनुष्य पूर्णपणे हिंसेविना जगत नाही. जे जाणतात ते प्रयत्न करतात आणि ती कमी करत जातात.

या गोष्टीचा दोन्ही बाजूंनी गैरवापर होतो. एक म्हणतो, बघा, खाटीकही संत, म्हणजे सगळं चालतं. व्याध असं कुठेच म्हणत नाही. तो आपल्या कामाला घोरच म्हणतो. दुसरा म्हणतो, आम्ही शुद्ध, आम्ही काही मारत नाही. त्याला कौशिकाची बगळी दाखवावी. ती कुठल्या सुरीनं मेली?

व्याधाचा शब्द आहे प्रयत्न. आता या तपासणीच्या बाबतीत असा प्रयत्न कुणी केला का? केला आहे, आणि आजींना हे जरूर वाचून दाखवा.

रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली पुस्तक लिहून तीन गोष्टी मांडल्या. जनावराशिवाय होत असेल तर तसं करा, होत नसेल तर कमीत कमी जनावरं घ्या, आणि जी घ्याल त्यांना कमीत कमी त्रास द्या. आपल्या देशात पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा झाला. त्यामागे भरतनाट्यमच्या थोर कलावंत रुक्मिणीदेवी अरुंडेल होत्या, त्यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला. प्रयोग जिथे टाळता येईल तिथे टाळावा हे त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. आज कुठल्याही प्रयोगशाळेला समितीच्या मंजुरीशिवाय जनावराला हात लावता येत नाही आणि त्या समितीत सरकारनं नेमलेला माणूस असतो. मंजुरी कधी कधी नुसती सही होऊन बसते हेही खरं, कागद म्हटला की ते आलंच.

२०१४ साली आपल्या सरकारनं सौंदर्यप्रसाधनांसाठी जनावरांवर चाचणी करायला देशात बंदी घातली आणि त्याच वर्षी अशा चाचण्या केलेल्या प्रसाधनांच्या आयातीलाही. म्हणजे नव्या लिपस्टिकसाठी आता भारतात ससा किंवा गिनीपिग घेता येत नाही. मात्र शेतीची औषधं, कारखान्यातली रसायनं यांना ती बंदी नाही, आणि शेतीच्या औषधांसाठी तर वावड्याची माहिती द्यावीच लागते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट काचेच्या नळीत घडली आहे. वावडं कसं होतं ते वर सांगितलं ना, आधी प्रथिनाला चिकटणं, मग कातडीच्या पेशीत खळबळ, मग राखणदार पेशी जागी होणं. शास्त्रज्ञांनी या तीन पायऱ्या वेगवेगळ्या पकडल्या. एका चाचणीत प्रथिनाचा छोटा तुकडा प्रयोगशाळेत बनवून त्यात रसायन मिसळतात आणि किती चिकटलं ते मोजतात. दुसरीत कातडीच्या मानवी पेशी काचेत वाढवलेल्या असतात, त्रास झाला की त्या काजव्यासारख्या उजळतात. तिसरीत रक्तातल्या राखणदार जातीच्या पेशी. तिन्हींपैकी दोन जिकडे कौल देतील तो निर्णय. ही पद्धत ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ साली नियम म्हणून मान्य केली. युरोपनं तर २०१६ पासूनच रसायनांसाठी आधी या काचेतल्या चाचण्या, मग लागलंच तर जनावर, असा क्रम लावला. दक्षिण गुजरातचा रंग युरोपला जातो, तेव्हा इथल्या प्रयोगशाळांनाही हे शिकणं भागच आहे. शिवाय भारत २०११ पासून त्या व्यवस्थेत पूर्ण सहभागी आहे. इथे नीट झालेली चाचणी तिथे मान्य होते, तीच पुन्हा करून आणखी जनावरं लागत नाहीत. कागदपत्रांचा इतका पुण्यकारक उपयोग मी दुसरा ऐकला नाही.

सगळ्याच रसायनांना ही काचेतली पद्धत लागू पडत नाही. पाण्यात न विरघळणारे पदार्थ तिथे अडतात, आणि आपले डिस्पर्स रंग नेमके तसलेच. म्हणून दार अजून पूर्ण बंद झालेलं नाही.

आता ताईंच्या मुलीबद्दल, नाव न घेता, माझी समजूत स्पष्ट लिहिते. तिनं जावं. आपल्यासारख्या घरातली, ताटातला घास काढून ठेवायची सवय लागलेली मुलगी त्या दारात हवी. ज्यांना काहीच वाटत नाही अशांच्या हाती ते पिंजरे सोपवून आपण सोवळ्यात बसायचं, यात दया कसली? पण जाताना तिनं काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. काचेतल्या तिन्ही चाचण्या शिकून घ्याव्यात, मागे लागून शिकाव्यात. नवं काम टेबलावर आलं की आधी विचारावं, ही माहिती कुठे आधीच उपलब्ध आहे का? दहात भागत असेल तर वीस कशाला? जखम पाहून मन दुखायचं थांबलं तर तो दिवस धोक्याचा. आणि काही महिन्यांनी वाटलं की हे आपल्याच्यानं होत नाही, तर सोडून यावं, त्यात हार नाही. घरच्यांनी तेव्हा पगाराचा हिशोब मांडू नये.

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी ताट सारलं ते बरोबरच केलं. नाथांनी काशीहून आणलेल्या गंगेची कावड रामेश्वराच्या वाटेवर तडफडणाऱ्या गाढवाला पाजली, ती ज्या मनानं पाजली तेच मन आजींच्या ठिकाणी आहे. फक्त आजींनी नातीला बोल लावू नये, तिच्याबरोबर काळजी वाहावी. नात रात्री फोन करेल तेव्हा आज किती जीव हाताखालून गेले ते विचारावं आणि त्यांच्या नावानं एक माळ जपावी. नातीलाही बरं वाटेल, कुणीतरी हिशोब ठेवतंय म्हणून.

राहिला आपला, घराघरातला प्रयत्न. फळीवर काय काय आहे ते या आठवड्यात बघा. एकाच कामाच्या चार बाटल्या असतील तर एक ठेवा. दर सहा महिन्यांनी नवा शेड, नवा वास, नवी क्रीम ही मागणी आपणच करतो, आणि बाजारात नवं रसायन येतं ते या मागणीपायी. वरणातल्या किड्यासाठी जीव हळहळतो, मग इथेही हळहळू दे.

केसांचा काळा रंग लावणाऱ्यांनी (लावतात बऱ्याच जणी, मी नावं घेत नाही) पाकिटावर पीपीडी किंवा पॅराफेनिलीनडायअमीन लिहिलंय का बघावं. बहुतेक काळ्या रंगांत असतं. त्याचं वावडं असेल तर डोळे सुजून बंद होतात. आत लिहिलेलं असतं की ४८ तास आधी कानामागे थोडं लावून बघा, ते खरंच करावं. एवढ्या जिवांच्या अंगावर बघून लिहिलेली सूचना आपण न वाचता फेकतो, हा त्यांचा अपमानच आहे. लग्नसराईत मिळणारी झटपट काळी मेंदी लहान मुलींच्या हातावर मुळीच काढू नये, तिच्यातही बऱ्याचदा हेच असतं आणि एकदा वावडं जडलं की जन्मभर सोबत राहतं. चिकटवायच्या टिकलीखाली खाज किंवा पांढरा डाग दिसला तर टिकली लगेच बंद करावी. तिच्या गोंदातल्या रसायनानं असे डाग पडतात, ते कोड समजून घरात रडारड करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं.

ज्यांच्या घरातला माणूस मिलमध्ये आहे आणि हाताची खाज वर्ष-वर्ष जात नाही, त्यांनी दुकानातून मलम आणून लावत बसू नये. सिव्हिलला कातडीच्या विभागात दाखवून पॅच टेस्टबद्दल विचारावं. पाठीवर छोट्या पट्ट्या लावतात, दोन दिवस पाठ भिजवायची नाही, मग काढून बघतात. जर्मनीत १८९५ साली निघालेली ही युक्ती, अजून हिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही. कुठला पदार्थ नडतो ते कळलं की मिलमध्ये निदान खातं बदलून मागता येतं. एकट्यानं जायला ही मंडळी बिचकतात, रोज बुडतो म्हणूनही टाळतात. म्हणून येत्या गुरुवारी आरतीनंतर पादुकांजवळ वही ठेवलेली असेल, तिच्यात नाव आणि सुट्टीचा वार लिहावा. दोन सेवेकरी दादा बरोबर येतील, केस पेपर काढण्यापासून सोबत थांबतील. येताना कामावर ज्या पुडी हाताळता त्यांच्या डब्यांवरच्या लेबलांचे फोटो मोबाईलमध्ये काढून आणावेत, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥